ट्रक बोटीवर कधी चढतो?

आयर्लंडचा माल फ्रान्सला न्यायचा तर वर्षानुवर्षं ठरलेली वाट होती. डब्लिनहून बोटीने वेल्समधलं होलीहेड, तिथून ट्रकने ब्रिटन ओलांडून डोव्हर, मग पुन्हा बोटीने कॅले. २०२० संपताना ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारातून बाहेर पडला आणि २ जानेवारी २०२१ रोजी आयर्लंडचं रॉसलेअर ते फ्रान्सचं डंकर्क अशी डीएफडीएस कंपनीची थेट बोट सुरू झाली. तिला चोवीस तासांच्या आसपास लागतात, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा जास्तच. तरी ट्रकवाले तिच्याकडे वळले. ब्रिटनमधून जाताना आता लागणारे जकातीचे कागद या वाटेत नाहीत, आणि चालकाची सक्तीची विश्रांती बोटीवरच होते. दिवसाला साधारण नऊ तासच गाडी हाकायची असा युरोपात नियम आहे.

युरोपीय संघाला नेमकं हेच, रस्त्यावरचा माल समुद्रावर वळवणं, २००१ पासून हवं होतं. ‘समुद्री महामार्ग’ अशी घोषणा झाली, २००३ ते २०१३ ‘मार्को पोलो’ योजनेतून अनुदानं वाटली गेली. स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या पिरेनीज डोंगररांगेच्या घाटातली ट्रकांची रांग कमी व्हावी म्हणून स्पेनचं खिखोन ते फ्रान्सचं सॅं-नाझेर अशी बोट २०१० मध्ये सुरू झाली. सरकारी मदत संपली तशी २०१४ मध्ये ती बंद पडली. अनुदानाला दहा वर्षांत जे नीट जमलं नाही, ते कागदपत्रांच्या कटकटीने एका रात्रीत करून दाखवलं!

समुद्राची वाट नेहमीच हिरवी, म्हणजे कमी प्रदूषणाची असते, हेही पूर्ण खरं नाही. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तेवढ्याच अंतराचं इंधन वर्गाच्या प्रमाणात. वेग २० नॉटवरून (नॉट म्हणजे जहाजाच्या वेगाचं माप) २४ वर नेला तर वेळ वाचतो जेमतेम सहावा हिस्सा, इंधन मात्र ४४ टक्के जास्त जळतं. त्यात रो-रो बोट (गाड्या थेट चालवत आत नेता येतात अशी, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते तशीच, पण कितीतरी मोठी) मालाबरोबर ट्रेलरची चाकं आणि सांगाडाही वाहते. अशी बोट घाईने आणि अर्धी रिकामी धावली, तर कार्बनच्या हिशेबात रस्त्यावरचा ट्रक तिला सहज हरवू शकतो. कंटेनर जहाज काटकसरी खरं, पण क्रेनच्या चढउतारात वेळ जातो.

गंधकाचा हिशेब तर आणखी वेगळा. उत्तर समुद्र आणि बाल्टिकमध्ये जहाजाच्या इंधनात २०१५ पासून ०.१ टक्क्यापर्यंतच गंधक चालतं, भूमध्य समुद्रात मे २०२५ पासून. ही मर्यादासुद्धा युरोपातल्या पंपावरच्या डिझेलच्या शंभरपट आहे.

२०२४ पासून युरोपात ५,००० ग्रॉस टनेजवरच्या (हे जहाजाच्या आकारमानाचं माप) जहाजांना हवेत सोडलेल्या कार्बनसाठी परवानेही विकत घ्यावे लागतात. ट्रकच्या डिझेलसाठी अशी व्यवस्था मागाहून यायची आहे. डिझेलवर अबकारी कर असतो आणि जहाजाच्या इंधनाला सहसा सूट, त्यामुळे यात निव्वळ अन्याय शोधू नये. पण मधल्या काळात बोटीचं भाडं वाढलं, तर खिखोनच्या बंद पडलेल्या बोटीसारख्या, जेमतेम तग धरणाऱ्या मार्गांवरचे ट्रक पुन्हा घाटाकडे वळतील.