पार्श्वभूमी: वार, विषाणू आणि चढलेलं बीपी

दर महिन्याच्या ९ तारखेला नाशिक जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची रांग लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा दिवस, २०१६पासूनचा. दंडाला पट्टा बांधून बीपी, पट्टी बुडवून लघवी, घोट्यावर बोट दाबून सूज. ही तपासणी प्रीएक्लॅम्पसियासाठी: गरोदरपणात बीपी चढतं, लघवीत प्रथिनं जाऊ लागतात आणि वाढलं तर झटके येतात, तो हा आजार. एवढ्याशा तपासणीमागे पावणेदोनशे वर्षांचा शोध आहे. आणि ज्या वारेत, म्हणजे बाळाला पोटात पोसणाऱ्या अवयवात, दुखणं सुरू होतं, तिच्याकडे डॉक्टरांचं लक्ष फार उशिरा गेलं.

लंडनच्या गायज रुग्णालयात १८४३ साली जॉन लिव्हर यांना झटके येणाऱ्या गरोदर बायकांच्या लघवीत प्रथिनं सापडली. रिव्हा-रोची यांचं रक्तदाब मोजायचं उपकरण आलं १८९६मध्ये. मग बीपीचाही धागा जुळला. कारण मात्र कळेना. रक्तात कसलं तरी विष भिनत असावं, असं धरून आजाराला ‘टॉक्सिमिया’ म्हटलं गेलं आणि ते नाव पुस्तकांत अनेक दशकं राहिलं. खरं तर खूण समोरच होती. द्राक्षगर्भात वारेच्या जागी द्राक्षांच्या घडासारखे फुगे वाढतात, बाळ बहुतेकदा नसतंच, तरीही काही जणींचं बीपी चढतं. म्हणजे दोष बाळाचा नाही, वारेचा.

१९६०-७०च्या दशकांत ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्या तपासल्या. एरवी वारेच्या पेशी या धमन्यांत शिरून त्यांना ऐसपैस करतात. प्रीएक्लॅम्पसियात त्या अरुंदच राहतात. वारेला रक्त पुरत नाही आणि बाळाची वाढ खुंटते. अशी त्रासलेली वार आईच्या रक्तात एक प्रथिन सोडते, त्याने रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, मूत्रपिंडं गळू लागतात. या प्रथिनाची ही करणी २००३ साली ओळखली गेली. जुन्या डॉक्टरांचं ‘विष’ अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं!

विषाणूंची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. वार म्हणजे बाळाभोवतीची भिंत, असा समज होता. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये तो मोडला: जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला (गोवरासारखा पुरळ येणारा, विषाणूचा आजार) झालेला होता. पुढे २०१५-१६ मध्ये ब्राझीलमधल्या झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूने तेच दाखवलं. वारेतल्या रक्षक पेशींतच तो वाढत होता.

कोविडने दोन्ही वाटा एकत्र आणल्या. काही जणींच्या वारेचं बाहेरचं अस्तर मरून मधल्या जागेत फायब्रिन (रक्त गोठवणारं प्रथिन) साचलं. विषाणू बाळापर्यंत पोचला नाही तरी प्राणवायूविना बाळं पोटातच दगावली. शिवाय कोविड झालेल्यांत प्रीएक्लॅम्पसियाही जास्त आढळला. गंभीर आजारात तर दोन्हींची लक्षणं इतकी मिसळायची, की हे कोविडचं की वारेचं, हे ठरवणं अवघड जायचं.

रुबेलावर लस आहे, गोवरासोबत एकाच इंजेक्शनात. २०२२च्या गोवराच्या साथीत मालेगावात तिची बरीच चर्चा झाली. पण ही जिवंत, म्हणजे दुबळ्या केलेल्या विषाणूंची लस, दिवस गेल्यावर देत नाहीत, आधीच घ्यावी लागते. बीपीचा धोका जास्त असेल तर १६ आठवड्यांच्या आत कमी मात्रेचं ॲस्पिरिन सुरू करतात. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. २००२च्या मॅगपाय नावाच्या औषधचाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. पेठहून सावळघाट चढून गाडी नाशिकला पोचायला वेळ लागतो, म्हणून पहिला डोस गावातच द्यायचा असतो. सरकारी सूचनांप्रमाणे तो एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविका सिस्टरही देऊ शकतात.