दाताची कॅप आणि थ्रीडी प्रिंटिंग: रुग्णांसाठी माहितीपत्रक

आमची दंत प्रयोगशाळा नाशिक शहरातील आणि जिल्ह्यातील दंतवैद्यांसाठी कॅप, ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा जोड-दात) आणि कवळ्या तयार करते. आपली आणि आमची सहसा भेट होत नाही. आपल्या तोंडात बसणारी वस्तू मात्र आमच्या टेबलावरून आलेली असते. अलीकडे काही रुग्ण ‘थ्रीडी प्रिंटेडच दात हवा’ असा आग्रह धरतात, तर काहींना ‘प्रिंटरमधून निघालेला दात म्हणजे प्लास्टिकच ना?’ अशी शंका येते. दोन्हींत थोडे तथ्य आहे. थ्रीडी प्रिंटिंग ही वस्तू घडवण्याची पद्धत आहे, पदार्थाचे नाव नव्हे. म्हणून दात प्रिंट केलेला आहे का, यापेक्षा तो कशाचा आहे आणि किती काळासाठी आहे, हे डॉक्टरांना विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

मापापासून प्रिंटपर्यंत

कॅपसाठी घेतलेले सिलिकॉनचे माप टिकते, पण विरुद्ध बाजूच्या (कॅपला भिडणाऱ्या) जबड्याचे माप बहुधा अल्जिनेटचे, म्हणजे पाण्यात कालवलेल्या भुकटीचे असते, आणि त्यातले पाणी उडाले की ते आकसते. एप्रिल-मे महिन्यांत कळवण किंवा सुरगाण्याहून एसटीच्या पार्सलने निघालेले माप ओल्या कापडात गुंडाळलेले असूनही कडा सुकून आमच्याकडे पोहोचत असे, आणि मग तयार झालेली कॅप तोंडात ‘उंच लागते’ म्हणून डॉक्टरांना घासत बसावे लागे. तोंडातच स्कॅन केल्यास हा प्रवास टळतो आणि फाइल काही मिनिटांत आमच्या संगणकावर येते.

मात्र स्कॅनरला प्रकाश पोहोचेल तेवढेच दिसते. रक्त, लाळ किंवा हिरडीखाली गेलेली दाताची कड त्याला दिसत नाही. त्यामुळे स्कॅन करण्यापूर्वी डॉक्टर हिरडीच्या फटीत बारीक दोरा बसवून ती थोडी बाजूला सारतात. हे काम कंटाळवाणे वाटले तरी कृपया त्यांना घाई करू नये, कारण कॅपची कड नीट बसणे किंवा न बसणे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

स्कॅनवरून संगणकावर दाताचा आकार तयार झाला की तो प्रिंटरकडे जातो. प्रकाशाने रेझिन (प्लास्टिकच्या जातीचा द्रव) कडक करून थरावर थर चढवण्याच्या पद्धतीसाठी चार्ल्स हल यांनी अमेरिकेत १९८४ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९८६ साली ते त्यांना मिळाले. म्हणजे दंतवैद्यकात ती आता रुळत असली तरी मूळ कल्पना जुनीच आहे. आमच्या प्रिंटरमध्ये द्रव रेझिनच्या भांड्याखाली स्क्रीन असतो आणि एका वेळी ०.०५ मिलिमीटरचा एक थर पक्का होतो, म्हणजे १० मिलिमीटर उंचीच्या कॅपसाठी २०० थर लागतात. प्रत्येक थर एकाच वेळी उजळत असल्याने लागणारा वेळ उंचीवर ठरतो, नगांवर नाही. इडलीपात्रात एक इडली ठेवली काय आणि चार ठेवल्या काय, वाफेला वेळ तोच.

प्रिंटरमधून निघालेली कॅप चिकट आणि अर्धकच्ची असते. ती अल्कोहोलमध्ये धुऊन, आधाराच्या काड्या कापून, पुन्हा प्रकाशाच्या पेटीत पक्की करावी लागते. हवेतील ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा कच्चा राहतो, म्हणून काही रेझिन ग्लिसरीनमध्ये बुडवून पक्के करतात. आमच्या मते प्रिंटरच्या किमतीपेक्षा हा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण कच्चे राहिलेले रेझिन लवकर तुटते आणि हिरडीला त्रासही देऊ शकते.

आम्ही काय प्रिंट करतो

जबड्याची मॉडेल्स, तात्पुरत्या कॅप आणि ब्रिज, इम्प्लांटचे (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाचे) छिद्र नेमक्या जागी पाडण्यासाठीचे गाइड आणि रात्री दात खाणाऱ्यांसाठीचे नाइट गार्ड आम्ही प्रिंट करतो. धातूच्या कॅपसाठी जळून जाणाऱ्या रेझिनचा नमुना प्रिंट करून, त्याभोवती साचा भरून, भट्टीत नमुना जाळून त्या पोकळीत धातू ओततो. मेणाच्या नमुन्यावरून दागिने ओतणाऱ्या सराफ बाजारातील कारागिरांना यात नवे काही वाटणार नाही.

झिरकोनियाची (एका कठीण, पांढऱ्या सिरॅमिकची) कायमची कॅप मात्र आम्ही प्रिंट करत नाही. ती खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मशिनवर कोरली जाते आणि सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजताना साधारण पाचव्या हिश्श्याने आकसते, म्हणून सुरुवातीला मुद्दाम मोठी कोरावी लागते. सिरॅमिकचे कण मिसळलेल्या रेझिनच्या ‘कायमच्या’ प्रिंटेड कॅपही बाजारात आहेत. त्या वाईट नाहीत, पण दाढेसाठी, विशेषतः दात खाण्याची सवय असल्यास, आम्ही झिरकोनियाच सुचवतो.

एक चूक येथे नोंदवतो. सुरुवातीला रेझिन वाचवण्यासाठी आम्ही मॉडेल आतून पोकळ काढत असू. त्यातले एक आठवडाभर खिडकीजवळ राहिले, दाढांच्या बाजूने किंचित आत ओढले गेले आणि त्यावर तयार केलेला ब्रिज तोंडात बसला नाही. तो आम्ही विनामूल्य पुन्हा केला. तेव्हापासून ब्रिजसाठीचे मॉडेल भरीव काढतो.

बसवल्यानंतर

तात्पुरत्या कॅपने ऊस, सुपारी, चिक्की चावू नये. मिसळीच्या तर्रीने तिला पिवळसर छटा येते, तो दोष कॅपचा किंवा आपल्या घासण्याचा नाही. कॅप निसटल्यास झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती घरी चिकटवू नये. डबीत ठेवून डॉक्टरांकडे न्यावी. कवळी गरम पाण्याने धुऊ नये, कारण ती वाकडी होते, आणि मिश्री किंवा भरड दंतमंजनाने घासू नये. रात्री साध्या पाण्यात ठेवावी.

प्रत्येक कामाची फाइल आम्ही जपून ठेवतो. रामकुंडावर स्नान करताना ज्यांची कवळी पाण्यात गेली, अशा एका आजोबांना जुन्या फाइलवरून नवी कवळी देता आली, कारण जुनी कवळी जेमतेम चार महिन्यांची होती. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, त्यामुळे काही वर्षांपूर्वीची फाइल असल्यास नव्याने माप घ्यावे लागते. प्रत्येक कॅपसोबत आम्ही डॉक्टरांकडे पदार्थ, शेड (दाताची रंगछटा) आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पाठवतो. ती मागून घेऊन घरच्या औषधांच्या कागदांबरोबर ठेवावी.