मुरगावची जर्मन जहाजं नक्की बुडवली कुणी?
"कलकत्त्याच्या हौशी पलटणीनं गोव्यात चार शत्रूची जहाजं बुडवली" ही स्टोरी वर्षानुवर्षं फिरतेय, पण ती अर्धीच खरी आहे. कलकत्ता लाइट हॉर्स म्हणजे ऑफिसवाल्या ब्रिटिश साहेबांची व्हॉलंटियर पलटण, नावात घोडे पण दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४३ मध्ये हे पोट सुटलेले गडी (१४ लाइट हॉर्सचे, ४ कलकत्ता स्कॉटिश या दुसऱ्या व्हॉलंटियर पलटणीचे) कोचीनहून फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जवरून रात्री मुरगावात घुसले आणि चढले फक्त एकाच जहाजावर, जर्मन एरेनफेल्सवर. तिचा कॅप्टन मारला गेला, पण जहाज ओढून न्यायचा प्लॅन फसला, कारण जर्मन खलाशांनीच झडपा उघडून आत पाणी घेतलं. बाकी तीन? दोन जर्मन, एक इटालियन, त्यांच्याच लोकांनी पेटवून बुडवली. गोवा तेव्हा न्यूट्रल पोर्तुगालचा, म्हणून ब्रिटिश कितीतरी वर्षं गप्पच बसले, मग दंतकथा वाढणारच ना!