१६.५ मिलिमीटरचा रूळ आणि आपली ब्रॉडगेज

मॉडेल रेल्वे मुळात खेळण्यांच्या धंद्यातून आली. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत एका जर्मन कंपनीने ठरावीक गेजचे, म्हणजे दोन रुळांमधल्या ठरावीक अंतराचे, रूळ मांडले. पुढे आकार लहान होत गेला आणि १९३० च्या दशकात १६.५ मिमीचा रूळ टेबलावर स्थिरावला. त्यावर १:८७ च्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या, गाड्या चपखल बसतात (या मापाला एचओ म्हणतात), कारण युरोप-अमेरिकेतलं खरं गेज १४३५ मिमी आहे.

घोळ ब्रिटनमध्ये झाला. तिथली इंजिनं अंगानं लहान, त्या काळच्या मोटारी मोठ्या. १:८७ च्या बॉयलरमध्ये मोटार मावेना, म्हणून इंजिन-डबे १:७६ वर नेले आणि रूळ तोच ठेवला. या मापाला ओओ म्हणतात. या मापानं तो रूळ चार फूट दीड इंचांचा ठरतो, खऱ्यापेक्षा सात इंच अरुंद. १९६० च्या दशकात काही हौशी मंडळींनी १८.८३ मिमीचा अचूक रूळ हातानं घालायला सुरुवात केली, पण बाजार हलला नाही.

आपल्याकडे हाच पेच वेगळ्या रूपात आला. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ ला सव्वाएकोणीस मिमी रूळ हवा. तो तयार मिळत नाही. म्हणून चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा निळा डबा १:८७ चा करायचा आणि आयत्या १६.५ च्या रुळावर ठेवायचा, असा रिवाज पडला. दोन्ही बाजूंची चाकं जवळजवळ दीड-दीड मिलिमीटर आत जातात. समोरून फोटो काढला की डबा उंच आणि डळमळीत वाटतो. बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, ब्रेकच्या भुकटीचा तांबूस रंग कितीही मन लावून मारला तरी ते लपत नाही.

खरं तर अचूक उत्तर हाताशी होतं. ब्रिटनमध्ये १९५७ पासून खऱ्या एका फुटाला ३ मिमी हे टीटी नावाचं प्रमाण बाजारात होतं. आपल्या ब्रॉडगेजचे साडेपाच फूट गुणिले तीन, बरोबर १६.५! शिवाय १:८७ ला २४५ मिमी भरणारा डबा इथे २१० मिमीत बसतो. फ्लॅटमधल्या लेआउटला, म्हणजे रूळ-स्टेशनांच्या मांडणीला, हे फार मोठं सुख. तरी बहुतेकांनी १:८७ च धरलं. बोगी, माणसं, झाडं, बस सगळं त्याच मापात आयतं मिळतं, हे कारण मला कळतं. पण या पर्यायाचा पुरेसा विचारच झाला नाही, असं माझं मत आहे.

नॅरोगेजवाल्यांचं बरं जमलं. माथेरानची ६१० मिमीची लाईन १:८७ ला सात मिमी होते, आणि १९७२ मध्ये आलेल्या झेड गेजचा ६.५ मिमीचा रूळ तिथे खपून जातो.