वर्गसंवाद-विश्लेषण

वर्गात शिक्षक व विद्यार्थी यांच्यात, तसेच विद्यार्थ्यांमध्ये आपापसांत होणाऱ्या बोलण्याची नोंद करून त्याची रचना, क्रम आणि त्यातून घडणारे शिकणे यांचा पद्धतशीर अभ्यास करणे, याला वर्गसंवाद-विश्लेषण म्हणतात. शिक्षणशास्त्र, भाषाविज्ञान व समाजशास्त्र या तिन्ही शाखांतून त्याच्या पद्धती आल्या आहेत.

भारतातील बी.एड. अभ्यासक्रमांमुळे सर्वांत परिचित झालेली पद्धत नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाची आहे. तीत निरीक्षक दर ३ सेकंदांनी चालू बोलण्याला १० प्रकारांपैकी एकाचा क्रमांक देतो. यांतील ७ प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा शांतता किंवा गोंधळाचा असतो. ४० मिनिटांच्या तासिकेत अशा सुमारे ८०० नोंदी होतात. लागोपाठच्या नोंदींच्या जोड्या १० × १० च्या सारणीत भरल्या, की प्रश्नानंतर उत्तर आणि उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न असा सराव चालला होता, की विद्यार्थ्याने मांडलेली कल्पना घेऊन शिक्षक पुढे गेला, हे दिसू लागते. मात्र विचारात गढलेल्या वर्गाची शांतता आणि कोणालाच काही न कळल्याचा गोंधळ या पद्धतीत एकाच रकान्यात पडतात, आणि ही तिची मोठी उणीव मानली पाहिजे. ‘पृथ्वी सूर्याभोवती…’ असे म्हणून शिक्षक थांबतो आणि सगळा वर्ग एका सुरात ‘फिरते!’ म्हणतो, तो समूहस्वर आणि एका मुलीने अडखळत, स्वतःच्या शब्दांत दिलेले उत्तर यांनाही येथे एकच क्रमांक मिळतो.

शांततेचे मोल मेरी बड रो यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि ही प्रतीक्षा ३ सेकंदांपर्यंत वाढवली तर उत्तरे लांबतात व आपणहून बोलणारे विद्यार्थी वाढतात, असे त्यांना वर्गांच्या ध्वनिमुद्रणांत आढळले.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर व माल्कम कोल्थार्ड यांनी १९७५ मध्ये वर्गातील बोलण्याचे एक प्रकारचे व्याकरणच मांडले. शिक्षकाचा आरंभ, विद्यार्थ्याचा प्रतिसाद आणि त्यावर शिक्षकाचा अभिप्राय अशी तीन पदांची देवघेव त्यांना वारंवार आढळली. ह्यू मीहन यांनी १९७९ मध्ये तिसऱ्या पदाला मूल्यमापन म्हटले. वर्गाचे स्वरूप ठरते ते याच तिसऱ्या पदात. ‘पाव म्हणजे किती?’ या प्रश्नाला ‘चौथा भाग’ असे उत्तर आल्यावर शिक्षिका ‘बरोबर’ म्हणाली, तर देवघेव तेथेच मिटते, ‘कशावरून म्हणतेस?’ असे तिने विचारले, तर तेच तिसरे पद नव्या विचाराचा आरंभ होते. गॉर्डन वेल्स यांनी पुढे हाच मुद्दा धरून दाखवले, की दोष त्रिपदी रचनेचा नसून तिच्या वापराचा असतो.

हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ व गेल जेफरसन यांच्या संभाषण-विश्लेषणाची दिशा निराळी आहे. १९७४ च्या त्यांच्या लेखात बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचे नियम दिले आहेत. येथे आधी ठरवलेले रकाने नसतात. विराम सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजून, एकावर एक आलेले बोलणे, लांबवलेला स्वर आणि मध्येच तुटलेला शब्द हे सारे जेफरसन यांच्या चिन्हांनी लिहून घेतले जाते. काम अतिशय वेळखाऊ असल्याने त्यातून बहुधा थोड्याच तासिकांचा अभ्यास होतो.

गटचर्चेसाठी नील मर्सर यांचे वर्गीकरण उपयुक्त ठरले आहे. परस्परांना नुसते खोडून काढणारे वादाचे बोलणे, एकमेकांच्या म्हणण्यावर न तपासता भर घालणारे बोलणे आणि कारणे मागत व देत पुढे जाणारे शोधक बोलणे असे तीन प्रकार त्यांनी केले. गटाचे बोलणे यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे ठरवताना ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर-तर’ यांसारख्या शब्दांचा माग घेता येतो; पण शब्द मोजणे पुरेसे नाही, कारण मुले ‘कारण’ म्हणूनही कारण देत नाहीत आणि तो शब्द न वापरता देतातही.

बोलण्याच्या प्रत्येक तुकड्याला त्याच्या प्रकाराची खूण, म्हणजे संकेत, देणाऱ्या दोन व्यक्तींनी एकाच ध्वनिमुद्रणाला स्वतंत्रपणे संकेत देऊन त्यांचे कितपत जुळते हे पाहिले जाते; त्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा (kappa) गुणांक, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारे जुळणे वगळून उरलेली जुळणी दाखवणारा आकडा, वापरतात. मराठी वर्गांत हे जुळणे ‘बरं’, ‘हं’ आणि वाक्याखेरीचा ‘ना’ यांपाशी अडते. ‘बरं’ हा होकार असू शकतो, शंका असू शकते किंवा विषय बदलण्याची खूणही असू शकते, आणि त्यांतील नेमके काय ते केवळ सुरावरून व पुढच्या पाळीवरून कळते. म्हणून लिखित संहितेवरून संकेत देताना मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकावे लागते.