कोरीव-रंगीत काष्ठफलक, आधुनिक आफ्रिकी

लाकडी फळीवर कोरणीने आकृती खोदून, त्यात रंग भरून भिंतीवर लावण्यासाठी केलेली कलाकृती. हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः दक्षिण आफ्रिका व नायजेरिया येथे वाढला. त्यास चित्र म्हणावे की उत्थित शिल्प (पृष्ठभागातून आकृती उठावाने कोरलेले शिल्प), याबाबत एकवाक्यता नाही.

त्याच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांच्या राजवाड्यांतील कोरीव दारांत आहे. ओलोवे (सु. १८७५–१९३८) या काष्ठशिल्पीने इकेरे येथील राजवाड्यासाठी बहुधा १९१० ते १९१४ च्या दरम्यान कोरलेले दार हा त्याचा ठळक दाखला. इंग्रज अधिकारी पालखीवजा डोलीतून राजाच्या भेटीस येतो, हा प्रसंग त्यावर आहे. मूळ भेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची की विसाव्याच्या आरंभीची, हे वादग्रस्त आहे. आकृती पार्श्वभूमीपासून बऱ्याच पुढे आलेल्या असून लाकूड रंगवलेले होते. हे दार १९२४ साली लंडनमधील वेम्बली प्रदर्शनात मांडले गेले. राजाने ते विकण्यास नकार दिला. इंग्लंडमध्ये घडवलेल्या सिंहासनाच्या बदल्यात मात्र ते ब्रिटिश म्यूझियमला दिले. ओये-एकिती येथे कॅथलिक मिशनऱ्यांनी १९४७ मध्ये काढलेल्या कार्यशाळेतून ही परंपरा योरुबा काष्ठशिल्पी लामिदी फाकेये यांच्यापर्यंत आली. पण त्यांचे काम बहुतांशी रंगाविना आहे.

दुसरे मत जोहॅनिसबर्गकडे बोट दाखवते. सेसिल स्कॉट्‌नेस (१९२६–२००९) हे चित्रकार १९५२ पासून तेथील पॉली स्ट्रीट कला केंद्र चालवीत. जर्मनीहून आलेले कलादालनचालक एगॉन ग्युंटर यांनी त्यांना काष्ठठशांकडे (खोदलेल्या फळीला शाई लावून कागदावर घेतलेल्या छापांकडे) वळवले. ग्युंटर यांच्याकडे जर्मन अभिव्यक्तिवाद्यांची चित्रे व आफ्रिकी मूर्ती शेजारी-शेजारी पाहावयास मिळत. ठसा छापून झाला की फळीचे काम संपते. स्कॉट्‌नेस यांनी १९६० च्या आसपास ही खोदलेली फळीच रंगवून स्वतंत्र कलाकृती म्हणून मांडली. गेरू, काळा, पांढरा असे मातकट रंग आणि खाचांच्या कडांवर उघडे राहिलेले लाकूड ही त्यांची खूण होय. दक्षिण आफ्रिकेपुरते हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण तेथील फलकांतील उथळ, टोकदार खाच ठशाचीच आहे, दाराची नव्हे. नायजेरियातील फलकांना ते जसेच्या तसे लावता येत नाही.

१९६० च्या दशकाच्या आरंभी स्कॉट्‌नेस, शिल्पकार सिडनी कुमालो व एदोआर्दो व्हिला प्रभृतींचा ‘आमाद्लोझी’ गट ग्युंटर यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. स्कॉट्‌नेस यांचे शिष्य लकी सिबिया (१९४२–९९) यांनी फलकांत अधिक उजळ रंग आणले.

घानात जन्मलेले व १९७५ पासून अनेक वर्षे नायजेरियातील न्सुक्का येथील विद्यापीठात अध्यापन केलेले एल अनात्सुई (१९४४– ) यांची पद्धत वेगळीच होती. लाकडाच्या अनेक पट्ट्या शेजारी-शेजारी मांडून ते त्यांवरून यांत्रिक करवत फिरवत, काही भाग ज्योतीने जाळून काळा करत व मोजक्या ठिकाणी रंग लावत. करवतीने फाटलेल्या कडांचा संबंध त्यांनी युरोपीय सत्तांनी केलेल्या आफ्रिकेच्या वाटणीशी जोडला आहे. पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या नसल्याने त्यांचा क्रम बदलता येतो. परिणामी एकच कलाकृती दोन प्रदर्शनांत निराळी दिसू शकते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ते मुख्यत्वे बाटल्यांच्या झाकणांच्या पत्र्यांत काम करू लागले.