४७ एफ/५ ची पार्श्वभूमी: लाव्हा, रान आणि रेल्वे एकाच शीटवर

ट्रेकवाल्यांच्या बॅगेत सर्व्हे ऑफ इंडियाची ४७ एफ/५ ही टोपोशीट (चढउतार, रान, रस्ते, रेल्वे सगळं दाखवणारा नकाशा) हमखास सापडते. वर माथेरान, मधे कर्जत, खाली खंडाळा, आणि नेरळ मात्र वरच्या ४७ ई/८ मधे गेलंय, त्यामुळे माथेरानची गाडी अख्खी बघायची तर दोन शीटा चिकटवा!

एक इंचाला एक मैल असे रंगीत नकाशे काढायचं ठरलं १९०५ च्या सुमारास, हिरवं म्हणजे रान, तपकिरी म्हणजे कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. आता इथले कॉन्टूर नीट बघा, एकदम दाट पट्टा, मग मोकळी जागा, परत दाट पट्टा, कारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थर देत साचला, टणक थराचा झाला कडा आणि दोन कड्यांमधल्या सपाटीला आपण माची म्हणतो, राजमाची ह्याच शीटवर आहे की.

ह्या पायऱ्यांवरून, म्हणजे बोरघाटातून, गाडी चढवायची कशी हा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा खरा प्रॉब्लेम. चीफ इंजिनिअर बर्कलेने कित्येक लाईनी तपासल्या, काम सुरू झालं १८५६ ला, कॉन्ट्रॅक्टर ट्रेडवेल १८५९ ला आला आणि थोड्याच दिवसात वारला, मग त्याच्या बायकोने, ॲलिसने, काम पुढे नेलं. १८६१ मधे ४० हजारांवर मजूर घाटात होते, रोगराईने किती गेले त्याचा धड हिशोबच नाही. १८६३ ला घाट सुरू झाला, जेमतेम २५ किलोमीटरात साडेपाचशे मीटर चढ आणि २५ बोगदे. (घाटाची वाट शिंगरोबा धनगराने दाखवली आणि साहेबाने त्यालाच गोळी घातली असं सांगतात, जुन्या हायवेवर त्याचं देऊळ आहे, ड्रायव्हर लोक अजून नाणं टाकून जातात.)

एवढं करून खंडाळ्याच्या अलीकडे वळायला जागाच नव्हती, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन, गाडी टोकाला जायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर. १९२९ च्या सुमारास नवीन बोगदे झाले आणि हे प्रकरण संपलं, त्यामुळे शीट कुठल्या सालची आहे ते आधी बघा, लाईन टोकाला जाऊन मागे फिरत असेल तर माल जुना.

माथेरानची लाईन १९०७ ची, आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातली, दोन रुळांत अंतर फक्त दोन फूट. नेरळहून सरळ पट्टी लावली तर साधारण सात किलोमीटर, आणि रूळ भरतात सुमारे २०, वळणं मोजायला भिंगच घ्यावं लागतं.